ब्रेथ, ब्रीद आणि गुलछडी

चहा होतोय तोवर आमच्या आईच्या इंग्रजीचं सांगते.

भांडगावला आमचं गुलछडीचं, म्हणजे निशिगंधाचं, शेत आहे. आईचा दंडक असा, की हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून तोडताना फूल नाकाजवळ न्यायचं नाही. त्या दिवशी पहाटे धुक्यात आईचा नुसता पदर हलताना दिसत होता. माझा इंग्रजीचा पेपर जवळ आलेला. मी तोडता तोडता घोकत होते, "ब्रेथ म्हणजे श्वास. शेवटी ई लावला की ब्रीद, म्हणजे श्वास घेणं."

"दोन्ही एकच न्हाई व्हय?" आईनं विचारलं.

"नाही गं. पहिला आपोआप चालू असतो. दुसरा आपण घ्यायचा."

आईचा हात थांबला. फुलं बाजारात न्यायला आलेला टेम्पोवाला रस्त्यावर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी करवादले, "आई, उरक की!"

तिनं पाटीतलं एक उमललेलं फूल उचललं आणि डोळे मिटून नाकाशी धरलं.

"अगं, देवाचं ते!"

"व्हय. म्हणून तर आजवर नुसतं पयलंच चाललं हुतं," ती डोळे न उघडता म्हणाली. "टेम्पोवाल्याला म्हणावं, थांब जरा. मी दुसरं शिकतीय."