झाड विश्रांतीला हाय

...तर बेलमध्ये काय बी बिघाड न्हाय! वायरमन दोनदा येऊन गेला. दाबली, टिंगटाँग झालं, म्हणतो, "काका, वाजतीय की ओ चांगली!" अरे वाजतीय हे मलाबी ऐकू येतंय, पण तू दाबलीस म्हणून वाजली की! तू गेल्यावर कोण दाबणार?... तुमाला सांगतो, याच बेलला मी चार वर्षं शिव्या घातल्यात. आन् आता दिवसदिवस तिच्याकडं बघत बसतोय.

सगळं झालं त्या कढीपत्त्यापायी. न्हाय, झाडाला बोल लावायचा न्हाय, चुकलं माझं. मी कोण? सयाजी. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांतनं तीस वर्षं गुट्या बांधल्या. गुटी माहीत हाय का? न्हाय ना? हेच ते! अहो, जित्या फांदीची अंगठीएवढी साल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळायचं, तितंच मुळ्या फुटत्यात, मग कापून लावली की नवं झाड! आन् माझ्या हातचं रोप कवा मेलं न्हाय, विचारा सांगोल्यात कुणालाबी! तर पोरानं, आदिनाथनं, हितं सोलापुरात विजापूर रोडला तळमजल्यावर फ्लॅट घेऊन दिला, "बाबा, आता आराम करा" म्हणाला, आन् आपण गेला पुण्याला. आमच्या बायकोनं, मथुरानं, येताना काय आणलं? कढीपत्त्याचं रोपटं! मांडीवर घेऊन बसली टेम्पोत. मागं लावलं. मागं म्हंजे काय, किचन आन् कंपाउंडच्या भिंतीमधी चार पावलं माती. आन् तितं जायला वाट एकच... आमच्या घरातनं!

म्हंजे बघा, कुणाला चार पानं पाहिजेत, तर बेल वाजवा, हॉलमधनं या, किचनमधनं मागं जावा, पानं खुडा, परत किचन, परत हॉल... आन् हॉलमध्ये मथुरा बसलेली, "अगं टेक की जरा!" सकाळी साडेआठला वरची रेश्मा, "काकू, पोहे करतीय, चार पानं घेऊ?" दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे गुरुसिद्धप्पा, अक्कलकोटकडचे, दारातनंच आवाज, "अक्का, करीबेवु कोडरी, कढीपत्ता द्या, कढी उकळालीय!" तिकडं कढी उकळालीय आन् हा माणूस हितं अर्धा तास पाय पसरून! टिंगटाँग, टिंगटाँग! मी वैतागायचो, "अगं हे घर हाय का एसटी स्टँड?" तर म्हणायची, "असू द्या ओ. खुडल्यानं फुटवा चांगला येतो." फुटवा! तिला सगळे शब्द ठावं. आळं, खुंट, डोळा, बहार... खुंट म्हंजे खालचं मुळाचं झाड, त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हंजे कोंब, भरत्यात, तर ही बाई कुणाच्या पोरीचं लग्न जमलं की हळूच माझ्या कानात, "डोळा चांगल्या खुंटावर बसला बघा." हसायचो आमी दोघंच. बाकीचे बघत बसायचे. आता हे शब्द बोलायला माणूस न्हाय, तुमाला खरं सांगतो.

गेल्या दिवाळीआधी गेली ती. तेरावा झाला, आदिनाथ गेला, सून गेली, सतरंज्या परत गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. तर चौदाव्या दिवशी साडेआठला... टिंगटाँग! रेश्मा. "काका... चार पानं घेऊ का?" तुमाला सांगतो, त्या दिवशी ती बेल मला... जाऊ द्या. मी चहा करायला शिकलो. आठ वीसलाच आधण ठेवायचो, ती यायच्या आत उकळी फुटली पाहिजे! पहिले चार दिवस साखरच विसरलो, पोरीनं तसाच पिला.

मग फाल्गुन सरला आन् झाड जरा पिवळं दिसाया लागलं. खुडून खुडून फांद्या लांबट झालेल्या. माझा हात शिवशिवला. म्हटलं, झाड दाट झालं तर आणखी माणसं येतील. हावरटपणा, दुसरं काय! मग तीस वर्षं डाळिंबाला जे केलं तेच केलं. ताण दिला. ताण म्हंजे पाणी तोडायचं. सोलापूरचं ऊन, त्यात पाणी तोडलं, तीन आठवड्यांत पानगळ! एकूण एक पान खाली! मग सपासप छाटणी. डाळिंबाला असंच करत्यात, झाडाला विश्रांती मिळती, मग पाणी सोडलं की फुलं काय, फळं काय, बहारच बहार! मी कमरेवर हात ठेवून उभा, लई खूश... आन् तवा डोक्यात उजेड पडला. अहो, डाळिंबाचं फळ खायचं असतं. कढीपत्त्याचं काय खायचं असतं?... पानच की ओ!

वर शहाणपणा बघा! चूक कबूल करायची सोडून दारावर कागद चिकटवला, 'झाड विश्रांतीस आहे. पानांसाठी बेल वाजवू नये.' खाली सही! रेश्मा जिन्यात भेटली, "काका, काकूंचं झाड गेलं का हो?" म्हटलं, "मेलेलं न्हाय, विश्रांतीला हाय!" तर "हो हो" म्हणाली, आजाऱ्याला म्हणत्यात तसं. गुरुसिद्धप्पांनी तर खांद्यावर हात ठेवला, "होगली बिडरी सयाजीराव, जाऊ द्या. गेलेलं परत येतंय का?" झाडाबद्दल बोलत होते का मथुराबद्दल, मला कळंना. मी ओरडलोच पार्किंगमध्ये, "झाड मेलेलं न्हाय, विश्रांतीला हाय!" वॉचमन खुर्चीतनं उठून उभा राहिला!

आन् मग बेल गप. पहिल्या आठवड्यात चहाचं आधण आटून पातेलं करपलं. दुसऱ्या आठवड्यात कागद फाडून टाकला. तरी गप! आदिनाथचा फोन, "बाबा, आराम चालूय ना?" म्हटलं, "व्हय बाबा, विश्रांतीला हाय." "गुड गुड" म्हणाला.

पण मृग लागला, मी आळं केलं, शेणखत घातलं, पाणी सोडलं, आन् आठ दिवसांत डोळे फुटले! नुसते फांदीवर न्हाय, ताणानं खवळलेलं झाड ते, मुळांवरनं चहूकडं रोपं वर आली. मोजली तर अकरा. आन् बिल्डिंगीत माझं सोडून घरं किती? अकरा! आता गुट्या बांधणारा माणूस गप बसंल का? अकरा कुंड्या भरल्या आन् निघालो वाटत. अकरा दारांच्या अकरा बेली मी दाबल्या! काय तो दिवस, तुमाला सांगतो! "या काका, बसा काका," हितं सरबत, तितं शेंगाचटणी-भाकरी, आन् मी बोलतोय, बोलतोय, खोडापाशी पाणी साचू देऊ नका, शेंडा खुडा म्हंजे फुटवा येतो... फुटवा! गुरुसिद्धप्पांनी तर वहीत लिहून घेतलं. मथुरा गेल्यापासनं एवढं कवा बोललोच नव्हतो.

घरी आलो, पाय धुतले, खुर्चीत बसलो... आन् मग कळलं, सयाज्या, काय करून बसलास तू!

परवा रेश्मानं फोनवर फोटो पाठवला. गॅलरीत कुंडी, हे एवढं दाट झाड. खाली लिहिलंय, 'काका, बघा! आता पानांसाठी तुम्हाला त्रास नाही.' त्रास न्हाय!... एखाद्याला चुकीचं सांगायला काय झालं होतं मला? भर उन्हाळ्यात पाणी तोडा म्हणायचं, आली असती की पळत पळत! पण जीभ वळली न्हाय. तीस वर्षांची सवय. आता मागं माझं झाड भिंतीच्या वर गेलंय, पानं पिकून खाली पडतायत, खुडायला माणूस न्हाय. आन् वर अकराच्या अकरा रोपं जगल्यात. माझ्या हातचं रोप मरत न्हाय, हाच तर सगळा घोळ हाय.

न्हाय, बेल वाजती तशी. रोज साडेआठला. मीच चपला घालून बाहेर जातो, दाबतो, टिंगटाँग होतं, आन् दारातनंच आत आवाज देतो, "चार पानं घेऊ का?"

मग आत येतो आन् दोन कप चहा मीच पितो.