टॉवेलचा हत्ती

कोहक्यातल्या दवाखान्यात विद्याधरचा नंबर बराच मागे होता. समोरच्या बाकावर, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले एक काका शेजारच्या अनोळखी बाईंना आपली जहाजाची सहल सांगत होते.

“नवीन होतं का जी जहाज?”

“जुनंच, पण आतून सारं नवीन केलेलं. आमच्या क्वार्टरले रंग मारतात तसं नाही. लिफ्टसुद्धा काचेची.”

“एकटेच गेले होते का भाऊ?”

“एकटा कावून? पोरगा, सून, नातू, सगळे होते.”

“मग तर मजाच आली असन.”

“आली ना. नातू घसरगुंडीवर, सून मालिशले, पोरगा जिममध्ये. जेवाले भेटत कधीकधी.”

“अन् तुम्ही?”

“मी खोलीत. सफाईवाला रोज टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवे. सोंड वर, डोळ्यावर चष्मा. चष्मा माझाच.”

“अवं माय. मग अंग कशानं पुसलं?”

“घरून गमछा नेला होता. हत्ती कसा मोडावा? दिवसभर त्याच्याशीच बोलून राहिलो होतो.”

“काय बोलत होते?”

“हेच. जे तुमच्याशी बोलून राहिलो.”

“अरुणकुमार डोंगरे, अंदर आइए,” कंपाउंडरनं दारातून हाक मारली.

काका उठले नाहीत. त्यांनी विद्याधरकडे पाहिलं.

“तुम्ही जा ना साहेब माझ्या नंबरवर. मले काही घाई नाही.”

विद्याधर उठला. आत जाऊन दार लावेपर्यंत त्याला मागून ऐकू येत होतं, “हां, तर ताई, तिथल्या जेवणाचं सांगायचं राहिलंच.”