कावेरीचे कान

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात सुनेच्या भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आम्ही बसलो होतो. समोरचा फेटेवाला वाढलेल्या लेकीचा कान चिमटीत धरून बसलेला. चार माणसांत काही रीतभात नाय!

"कावेरे, बारा वर्षं मातीत घासला तवा ह्यो कान असा सुजून गोळा झाला. पैलवानाचं हे पदक हाय, आन् तू त्यो कापून सरळ करायला निघाली?"

"आबा, सोडा. लोक बघायलेत."

"बघू दे. पिक्चरमदी काम पैलवान पोरीचंच हाय ना?"

"व्हय. पण त्यांना पैलवान पोरगी देखणी पायजे. साबणाच्या जाहिरातीतबी कानावर केस ओढूनच उभं केलं मला."

"मंग नको त्यो पिक्चर. चल, आखाड्यात परत."

"कोणत्या गुडघ्यावर?"

"व्हईल की बरा."

"डॉक्टर तवाच म्हणले होते, फायनल खेळू नको. तुम्ही पट्टी आवळली आन् म्हणले, वस्तादाची लेक माघार घेत नाय."

"जिंकली नव्हं तू?"

"जिंकले. त्या दिवसापासून जिना कठडा धरून चढते, आबा."

फेटेवाल्यानं कानावरची चिमटी आणखीच आवळली.

"मलाबी हेच कान आवडतात. पण आता दुसरं काय जमणार हाय मला?"

तेवढ्यात आतून नर्सनं कावेरीचं नाव पुकारलं. ती लंगडत उठली. बाप कान धरूनच उठला.

मग मला राहवलं नाय. म्हणलं, "वस्ताद, पोरीचा गुडघा तुमच्या नावापायी गेला. आता कान सोडा, तिला आत जाऊ द्या."