आईंनी फुंकले तीनशे दहा

हॅलो?… हो, मीच. बोल… हो, हो, आत्ताच आलो आम्ही दोघी दवाखान्यातून, चपलासुद्धा काढल्या नाहीत अजून… अगं, आवाज असा रडवेला कशाला? सगळं छान आहे. तुझ्या आईंनी आज डॉक्टरांना तोंडात बोटं घालायला लावली!

सांगते ना. ती फुंकायची नळी आठवते? प्लास्टिकची, वर आकडे… हां, तीच. जोरात फुंकलं की काटा सरकतो. तीन महिन्यांपूर्वी काटा एकशे नव्वदवर अडला होता. आणि आज किती?… नाही… अजून वर… तीनशे दहा!… तीनशे दहा गं! डॉक्टरांना वाटलं नळीच बिघडली. दुसरी आणली, तिच्यात तीनशे पाच. तर आई म्हणतात, "ही बिघडलीय, पहिलीच ठेवा."

नाही, औषध बदललं नाही. दम्याचा पंप तोच, सकाळ-संध्याकाळ. फक्त आता चुकवत नाहीत… पण नुसत्या पंपानं नाही झालं हे. तुझ्या दादानं तुला काहीच सांगितलं नाही?… वाटलंच मला. घाबरतो तो तुला.

अगं ऐक ना. आपलं घर पहिल्या मजल्यावर, खाली शाळेचं फाटक. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास गाड्या येऊन उभ्या. चाळीस तरी असतील. आणि सगळ्यांची इंजिनं चालू!… का म्हणजे? आत थंड हवा नको? गल्ली ही एवढीशी, दोन्ही बाजूंना इमारती, धूर जाणार कुठे? आपल्या खिडकीत. डॉक्टरांनी विचारलं होतं ना, दम कधी लागतो? आई म्हणाल्या, साडेबाराला. "रोज साडेबाराला?" "रोज. रविवारी सुट्टी." झालं, डॉक्टरांना काय ते कळलं!

हो, केलं ना ते सगळं. त्या वेळेला खिडक्या बंद. डासांची कॉइल घरातून हद्दपार. कोरडा झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. स्वयंपाकघरात पंखा आधी लावायचा, कढई नंतर… हो, मला दटावतात चांगल्या! फरक पडला, नाही असं नाही. एकशे नव्वदचे दोनशे तीस झाले. पण ज्या बाईनं तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, दारात उभं राहून वारा खाल्ला, ती बंद खिडकीमागे किती दिवस बसेल? एक दिवस म्हणाल्या, "खिडकी मी का लावायची? त्यांनी इंजिन बंद करावं."

मग काय, रोज दुपारी दूध आणायला जायला लागल्या. रोज! फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांवर पिशव्या. एकदा वॉचमन मला म्हणाला, "सासूबाई आज पण जोरात आहेत हां गेटवर." मी धावत खाली. बघते तर तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, आणि एकेका गाडीच्या काचेवर टक टक! "इंजिन बंद करा. गाडी काही लगेच सुटत नाहीये!"… हो, तोच आवाज! मागच्या सीटपर्यंत जाणारा. अर्धे लोक नुसत्या आवाजानंच किल्ली फिरवत होते.

हसतेस काय? माझा जीव वर-खाली. दम्याचं माणूस आणि धुरात उभं! ओरडले मी, भर रस्त्यात. डॉक्टरांनीही झापलं. म्हणाले, उभं राहायचंच तर गाड्या यायच्या आधी राहा, आणि धूर दिसला की सरळ वर. तेव्हापासून बारालाच खाली जातात. गाडी आली रे आली की…

नाही, सगळे कुठले ऐकतात! एक होता मोठ्या काळ्या गाडीवाला. म्हणे, "आजी, तुम्ही तुमचं बघा." आई चिडल्या नाहीत. त्याची धाकटी मुलगी मागे बसली होती, तिला विचारलं, "बाळा, तुला खोकला येतो का गं?" ती म्हणाली, "रोज येतो." आणि लगेच खोकून दाखवलं! बापानं वळून बघितलं तिच्याकडे… मग? केली बंद. दुसऱ्या दिवशी स्वतः आईंच्या शेजारी उभा, बाकीच्यांना सांगायला!

आता तर मुख्याध्यापिका बाईंनी पालकांची बैठकच घेतली. बऱ्याच गाड्या मागच्या मैदानावर थांबतात, पोरं चालत जातात तिथवर. फाटकाशी येतात दहा-बारा, त्याही मुक्या… हो, दुपारी खिडकी उघडी असते आता. पडदासुद्धा धुतला परवा, पाणी पहिल्यासारखं काळं नाही निघालं.

म्हणून म्हणते, रागावू नकोस… तू त्यांना न्यायला येऊ नकोस. म्हणजे ये, महिनाभर राहायला ये, पण न्यायला नको. तू "आईला घेऊनच जाते" म्हणालीस ना, तेव्हा तुझ्याशी बोलताना हसल्या, पण फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या… नाही गं, तुझं काही चुकलं नाही. काळजीच होती ती… पूस आधी डोळे.

थांब, आई आल्याच, स्पीकरवर टाकते… हां, बोल… काय? नीट ऐकू येत नाही, घरघर होतेय कसली तरी… तुझ्याकडूनच… कुठे आहेस?… पोरीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर? गाडीत?… वीस मिनिटं?… आणि एसी लावून?… मी कुठे काय म्हणाले! पण आईंनी चहाचा कप खाली ठेवलाय… अहो आई, थांबा, आपलीच आहे ती!… अगं, त्या विचारतायत, काचा खाली होतात ना गाडीच्या?… उकडतंय तर झाडाखाली उतरून उभी राहा म्हणतायत… मला काय सांगतेस, त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या आहेत इथे!… हो, हसतायत… मीही हसतेय… म्हणतायत, आधी किल्ली फिरव, मग पुढचं…

हॅलो?… हॅलो?

आई, फोनच तुटला. गाडीलाच जोडलेला होता वाटतं… म्हणजे बंद केली हो तिनं! खरंच बंद केली!