मीनाचं विमान आणि माझा हट्ट

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी शिक्षक, मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवरून पायपीट करत आलेले पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज निरोप देताना आपण माझी इतकी स्तुती केलीत, की हे गृहस्थ कोण, असा मलाच प्रश्न पडला! हेमंतसरांनी तर मला ‘मुलींना आकाश दाखवणारा शिक्षक’ म्हटलं. हेमंतसर, राग मानू नका, पण त्या आकाशाबद्दल मला बोललंच पाहिजे.

पोशेऱ्याची मीना, लहान्यादादांची लेक. आमच्या शाळेतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. तिला आरोग्यसेविकेच्या नेमणुकीचा आदेश आला आणि त्याच आठवड्यात एका नव्या विमान कंपनीनेही हवाई सुंदरी म्हणून तिची निवड केली. कंपनी छोटी, विमानं अवघी तीन, पण देशभर उडणारी. लहान्यादादा म्हणाले, “गुरुजी, सरकारी नोकरी हाय. हातची कशाला सोडाची?” मीनाही म्हणाली, “सर, मला इथंच काम करायचंय.” पण ऐकतो कोण? ‘सुया टोचत आयुष्य काढणार का,’ असं मी तिला सुनावलं. सरकारी नोकरीला नकाराचं पत्रही मीच लिहिलं. तिने फक्त सही केली.

पुढे कंपनीच्या तीन विमानांची अकरा झाली. गणवेशातल्या मीनाशेजारी माझा फोटो पेपरात आला. ते कात्रण खिशात घेऊन मी दोन्ही तालुक्यांत मिरवलो. मग इंधन महागलं, भाड्याने घेतलेली विमानं मालकांनी परत नेली आणि सहाव्या वर्षी एका सकाळी उड्डाणं बंदच झाली. विमानतळावर प्रवासी खवळलेले, साहेबांचे फोन बंद. आणि दिवसभर हात जोडून माफी मागत कोण उभं होतं? आमची मीना.

जाताना आपण तिला वाजतगाजत पाठवलं होतं. परतताना ती मला एसटी स्टँडवर दिसली आणि मी रस्ता बदलला. लाज वाटली हो. आरोग्यसेविकेची ती जागा केव्हाच भरली गेली होती. आज ती जव्हारला कापडाच्या दुकानात काम करते.

आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. मीना, मागच्या रांगेत बसली आहेस, दिसतेस मला. चूक माझी होती. सर्वांदेखत तुझी माफी मागतो. माफ करायचं की नाही, हे आज तूच ठरव. मी मध्ये बोलणार नाही.