पाणी आलेल्या दिवशी दाखवलेलं घर

"आई, तू आत जा!" म्हणे. अरे सयाजी, आत कुठं जाऊ? आतच तर तो माणूस बॅटरी घेऊन शिरलाय! स्वयंपाकघरात गेले तर, "आजी, बाजूला व्हा, ओट्याखाली बघायचंय." मोरीत डोकावले तर तिथं उकिडवा बसलेला. देवासमोर टेकले तर, "आजी, ही भिंत घ्यायची राहिली." भिंत घ्यायची! जशी काय भिंत लग्नातली वरमाय, फोटोला उभी राहिलीय! तुम्हाला सांगते, बाई स्वतःच्याच घरात उपरी कशी होते, ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या पाहिलं. आणि वर लेक म्हणतो, "तू मध्ये बोलू नकोस." मी म्हटलं, "का रं? खरं सांगायला काय भाडं पडतंय व्हय?"

आता हा सयाजी म्हणजे माझा एकुलता एक. पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. तिथं शेजारणीकडं जायचं तर आधी मेसेज टाकावा लागतो, "मी येऊ का?" बोला! आणि ह्याचं म्हणणं, आई एकटी पडते, तर सोलापूरचं घर विकू आणि तिला तिकडं नेऊ. मी एकटी? भिंतीपलीकडं कमलम्मा आहे, ती तेलुगूत शिंकली तरी मी मराठीत "देव बरं करो" म्हणते! पण नाही, त्यानं गिऱ्हाईक आणलंच. ओजस आणि उत्कर्षा, नाशिककडचं नवं जोडपं, पोरगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला. पोरं गुणी हो, पण म्हणाली, "आधी घराची तपासणी करून घेऊ."

तपासणी! आमच्या काळी मुलीची व्हायची, आता घराची. मुलीला निदान पोहे तरी करायला लावायचे...

तर आला तो तपासणीवाला, अवधूत नाव, गळ्यात पट्टा, बुटांवर निळ्या पिशव्या. बुटांवर पिशव्या चढवलेला माणूस मी आजवर ऑपरेशनच्या खोलीबाहेरच पाहिला होता! म्हटलं, घराचं पोट फाडतोय की काय! एका काठीनं फरशीवर टुक टुक, कान लावून ऐकतोय. फरशी काय बोलणार त्याला? चाळीस वर्षं मी बोलतेय, तिनं मला कधी दाद दिली नाही! मग एक कॅमेरा काढला, भिंतीच्या आतली गरमी दाखवणारा. भिंतीवर धरला आणि दचकला. "आजी, इथं उष्णता आहे, वायरिंग तापतंय!" मी म्हटलं, "वायरिंग न्हाय बाबा, पलीकडं कमलम्मा भाकऱ्या भाजतीया."

सयाजीनं डोळे वटारले. आता मी काय खोटं बोलले? खरं सांगायला काय भाडं पडतंय व्हय?

पण तुमच्यापाशी लपवत नाही, मी त्या यंत्रांवर भिस्त ठेवून बसले होते. म्हटलं, करंल हा घराला नापास, पोरं जातील पळून, सयाजी पुण्याला आणि मी हितंच. पण माणसाचं मन बघा! अवधूतनं जरा म्हटलं, "दार जुनं आहे," तर मीच उसळले, "सागवानी हाय ते! मालकांनी मंद्रूपहून बैलगाडीत घालून आणलंय, तुझ्यापेक्षा सरळ उभं ऱ्हातंय!" त्यानं नावं ठेवलेली सोसवेना, आणि कौतुक केलं तर घर हातचं जातंय! आणि शेवटी केलंच की कौतुक. म्हणतो, "भिंती कोरड्या, नळाला दाब उत्तम, सगळं हिरवं!" सगळं हिरवं! मेल्या, मी शाळेची पायरी चढले नाही, किराण्याच्या पुड्या सोडवून कागद वाचत अक्षर शिकले, तरी मला दिसतंय ते तुझ्या यंत्राला दिसेना?

मग सुटले की मी! म्हटलं, "नळाला दाब असणारच, आज पाण्याचा दिवस हाय! आमच्या गल्लीत रोज पाणी येत न्हाय, उद्या ये नि फिरव तोटी, नुसती फुर्र करंल. सोलापुरात पाण्याच्या दिवशी घर बघायचं म्हंजे मेकअपमध्ये नवरी बघायची! आणि ती भिंत, जिथं कपाट सरकवलंय, तिथं हाताएवढी भेग हाय. स्वयंपाकघराला परवाच रंग दिलाय माझ्या लेकानं, त्याच्याखाली ओल हाय. पावसाळ्यात ती भिंत रडती, कुणी मेल्यागत रडती. मोरीचा उतार उलटा, पाणी नाल्याकडं जायच्या ऐवजी पावण्याकडं येतं..."

सयाजी लालबुंद! "आई! तुला घर विकायचंय की नाही?"

मी गप्प. जन्मात पहिल्यांदा. कमलम्मासुद्धा भिंतीपलीकडून "काय झालं?" म्हणून ओरडली, एवढी शांतता!

आणि तेवढ्यात ती उत्कर्षा काय म्हणाली, ऐका. "आजी, आम्ही इतकी घरं बघितली, कुणी एक दोष सांगितला नाही. ओजस, आपण हेच घ्यायचं. माणसं खरी आहेत!"

अगं बाई... नावं ठेवता ठेवता मीच विकलं की घर! आयुष्यभर विचारत आले, खरं सांगायला काय भाडं पडतंय व्हय... तर हे पडतं! अख्खं घर जातं!

अवधूत नव्यानं लिहायला बसला. "आजी, अजून काही राहिलंय का?" सयाजीनं कोपरापासून हात जोडले, "सांग बाई, सगळं सांगून टाक एकदाचं!"

आणि मी सांगितलं. एकच वाक्य. त्यावर सयाजी जो उंबऱ्यावर बसला, त्यानं नंतर पुण्याचं नाव काढलेलं नाही. ती पोरं आता आमच्याच गल्लीत दुसरी घरं बघतात आणि दोष काढायला मला बरोबर नेतात, माझ्या नशिबी आता हीच नोकरी! पण तेव्हा मी नवऱ्यानं स्वतः बांधलेल्या त्या रडक्या भिंतीला पाठ टेकली, आणि अवधूतला म्हटलं,

"लिही बाबा, ह्या घरात एक म्हातारी मुरलीया, आन् तिच्यावर रंग बसत न्हाय."