पेवाच्या तोंडाशी

— नाही, वर्धमानशेठ, हात काढून घ्या. उपरण्याखाली बोटं धरायची वेळ अजून आलेली नाही. माल वर आल्याशिवाय तुम्ही भाव कसला लावणार, आणि मी तरी तुमचं कुठलं बोट दाबणार? बसा. तिकडं लिंबाखाली सावली आहे. झाकणाचा दगड काढून दोन तास झाले म्हणता — झाले असतील. सहा वर्षं मातीनं लिंपलेलं तोंड आहे ते. आतली कोंडलेली वाफ काय तुमच्या घड्याळाकडं बघून बाहेर येणार आहे? मघाशी कंदील सोडला तो तुमच्यासमोरच तळाला जाऊन विझला. हरिपुरात तुमची निम्मी हयात गेली, तुम्हाला मी सांगायचं म्हणजे — पण सांगतो. कंदील खाली जळत राहिला की हा हमाल, गुंडा, उतरेल. तोवर नाही. दुसऱ्याच्या पेवावर तुम्ही काय करता ते मी विचारत नाही. हे पेव माझं आहे.

घाई तुम्हालाच आहे असं समजू नका. माझ्या खिशात अर्ज आहे. हा बघा — त्रिशलाचा, माझ्या नातीचा. एम.ए.चा अर्ज, अर्धमागधी घेऊन. पोरगी बी.ए.ला कॉलेजात पहिली आली, तुम्ही पेढा खाल्लाय त्याचा. उद्या शेवटची तारीख. आज चारच्या आत पोस्टात जाऊन तारेनं मनीऑर्डर केली तर फी उद्या पुण्यात पोचते, नाहीतर नाही. मालाशिवाय तुम्ही उचल देत नाही — नाही, बरोबरच आहे तुमचं, मी तुमच्या जागी असतो तर मीही दिली नसती. मास्तरकी केलेल्या माणसाला कोण उचल देतो! पेन्शनीत दूध आणि वर्तमानपत्र भागतं. जे काय आहे ते खाली आहे, पंचवीस पोती हळद. लढाई सुरू झाली त्या साली भरली आणि लढाई संपेस्तोवर हात लावला नाही.

लग्नासाठी भरली होती, बरोबर. तुम्हाला महावीरनं सांगितलेलं दिसतंय. तो माझा मुलगा, पण पोरीचा बाप आहे, तेव्हा त्याचा हक्क पहिला — असं तो म्हणतो. आज कोरेगावला गेलाय, मुलाकडची माणसं बघायला. उद्या दुपारी येईल. म्हणून मी आज पेव उघडलं — हो, चोरून, तसंच म्हणा. वय बासष्ट, मुलगा गावाला गेला की स्वतःचं पेव चोरून उघडतो. हसा तुम्ही. महावीर म्हणतो, एम.ए. करून तिनं काय हळद जास्त पिवळी करायची आहे? मी म्हटलं, नाही. मेलेली भाषा शिकून पोट भरत नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी तीस वर्षं त्यावर अर्धपोटी राहिलो. पण ती भाषा आपल्या मंदिरात रोज म्हटली जाते आणि आपल्यात एकाला तिचा अर्थ नीट लागत नाही. ती लावील. मला लागला नाही. लागतो असं वाटायचं — ते जाऊ दे.

हिशेब केलाय मी, बघा ना. दोन वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, परीक्षेची फी, दिवाळीला आणि मे महिन्यात जायचं-यायचं भाडं. पुस्तकांत काटकसर नाही, जेवणात थोडी आहे, कारण ती सूर्यास्तानंतर जेवतच नाही, तेव्हा मेसवाल्याला सांगून एका वेळचं कमी करता येईल. नऊ वेळा बेरीज केली. आठ वेळा एकच आली. नवव्या वेळी सात रुपये जास्त आले, तेव्हापासून झोप नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस — हो, शिकलेला आहे म्हणूनच. न शिकलेल्याला एकदाच बेरीज करून चैन पडतं.

सोड गुंडा, कंदील पुन्हा सोड. सावकाश. हं — दोन पुरुष खोल गेला. आता? इझला. ऐकलंत ना, इझला म्हणतोय. जा रे, विहिरीवर जाऊन पाणी पिऊन ये, डोकं भिजव, उन्हात उभा आहेस कधीचा.

काय म्हणालात? दोन तासांनी सगळेच उतरवतात? कमरेला दोर बांधला की झालं? दोर त्यालाही बांधला होता, वर्धमानशेठ. केरबाला. गुंडाच्या बापाला. छत्तीस वर्षं झाली, याच पेवावर, असाच लिंब — नाही, लिंब तेव्हा लहान होता, सावली पडत नव्हती. मी नुकता बी.ए. झालो होतो. आख्ख्या गावात एकटा. मुंबईला एम.ए.चा अर्ज केला होता आणि फी भरायची होती, वडिलांनी हे पेव उघडलं. तेव्हाही शेवटची तारीख, तेव्हाही आडत्या बसलेला, तेव्हाही तार. कंदील सोडला. तो विझला. कुणीतरी म्हणालं, तेल संपलं असेल. केरबा हसला, शेला कमरेला खोचला आणि उतरला. पहिलं पोतं भरेपर्यंत गाणं म्हणत होता. मग नाही. वर ओढला तेव्हा तोंड हळदीनं भरलेलं, आणि श्वास — बाहेर काढल्यावरसुद्धा दीड दिवस होता. त्याच्या बायकोला, रंगूबाईला, सातवा महिना होता तेव्हा. गुंडा झाला तो बाप गेल्यावर.

कुणीतरी म्हणजे — गर्दी होती. दहाबारा माणसं होती. छत्तीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं हे — तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. मी म्हणालो. तेल संपलं असेल, मी म्हणालो. शिकलेला माणूस म्हणाला म्हणून कुणी दुसरा कंदील आणला नाही. आम्ही पाणी गाळून पितो, शेठ, तुम्हीही गाळून पिता, डोळ्याला न दिसणारा जीव मरू नये म्हणून. आणि मी —

पुढं काय व्हायचं? हळद वर आली, तार गेली, फी पोचली. मीही मुंबईला गेलो. अकरा दिवस राहिलो. बाराव्या दिवशी परत आलो आणि सांगितलं की तिथलं पाणी सोसलं नाही. सगळ्या सांगलीला माहीत आहे, नेमगोंडा मास्तरांची प्रकृती नाजूक, म्हणून एम.ए. राहिलं. नाजूक! बासष्टाव्या वर्षी कोस-दीड कोस चालत पेवावर येतो मी. गुंडाला चौथीपर्यंत फुकट शिकवला, त्याच्या पाटीपेन्सिलीचे पैसे दिले, तो अजून पाया पडतो. त्याला वाटतं, मास्तर दयाळू.

किती वाजले? पावणेचार. हो, मला दिसतंय. इथून पोस्ट वीस मिनिटं, म्हणजे आता गुंडा उडी मारून उतरला तरी — राहिली मनीऑर्डर. राहू दे. तारीख चुकली की वर्ष चुकलं, असं वाटतंय तुम्हाला? अर्जाच्या पाठीमागं वाचा. बारीक अक्षर आहे, चष्मा लावा. तारखेनंतर पंधरा दिवस, दहा रुपये दंड. तुमच्याकडनं दहा रुपये जास्त घेईन मी, भाव करताना धरून ठेवा. उद्या महावीर येईल म्हणता? येऊ दे. मी इथंच बसलेला असेन, त्याच्यासमोर माल काढीन, त्याला काय ओरडायचं ते ओरडू दे. पेव अजून माझ्या नावावर आहे. आणि मी मेल्यावर त्याच्या नावावर झालं तरी तोवर पोरगी दुसऱ्या वर्षात असेल.

तेव्हा? तेव्हाही होता दंड. दोन रुपये. तेव्हाही पाठीमागंच छापलं होतं. मी वाचलं होतं, शेठ. वडिलांनी पेव उघडलंय, माणसं लावलीत, आता आणखी दोन रुपये मागायचे म्हणजे — लाज वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं.

गुंडा — तू विहिरीवर गेला होतास ना? कधीचा उभा आहेस? ये, पुढं ये. नुसता दोर धरून उभा राहू नकोस. — काय? आई काय म्हणायची?

हं. "तेल सपलं हुतं" म्हणायची. तिला कुणी सांगितलं असेल, मीच. तिच्या दारात जाऊन सांगितलं. नाही गुंडा. तेल होतं. सकाळी मीच भरलं होतं, काठोकाठ. वर काढल्यावर कंदील हातात घेतला तेव्हा जड लागला मला.

कुठं चाललास? दोर का देतोस माझ्याकडं? — बरं. आण. कंदील मीच सोडतो. उद्याही मीच सोडीन, परवाही.

तुम्ही उठा, वर्धमानशेठ. आज माल निघणार नाही. भाव उद्याचा काय असेल तो असू दे. छत्री राहतेय तुमची. — ही घ्या, आणि चला.